जमिनीखालचा संसार



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आम्हांस जो विषय दिला तो ऐकून युनियनच्या कचेरीत बसलेल्या मंडळींना प्रथम हसू आले. अणुबाँब पडल्यावर तळघरात राहून जीव वाचविणारे कुटुंब हा तो विषय. तो पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाचा किंवा एखाद्या कादंबरीकाराचा असावा असे कोणालाही वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या आतच आटोपले. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु कार्यवाहांचा युक्तिवाद बिनतोड होता. ते म्हणाले, "जमिनीखाली माणूस कसा जगतो हे ह्या गावात तुम्हां खदानीच्या लोकांखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक आहे?" आम्ही होकार दिला.

विषय वाटतो तितका दूरचाही नाही. ७ मे २०२५ रोजी देशात शेकडो ठिकाणी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, भोंगे वाजले, कित्येक गावांत दिवे मालविले गेले. त्याच सुमारास गावातले एक सधन गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, घरामागे जागा आहे. दहा बाय आठचे, सात फूट उंचीचे तळघर खणून घ्यावे म्हणतो. घरात आम्ही पाच जण. खदानीत काम केलेली चार माणसे द्या, मजुरी तुम्ही म्हणाल ती." कचेरीतल्या तरुणांनी त्यांच्या पाठीमागे थोडी टर उडविली. आम्ही मात्र त्यांना चहा पाजला आणि पुढचे पंधरा दिवस मिळतील ती पुस्तके चाळली. बापाला पोराबाळांसाठी खड्डा खणावासा वाटला ह्यात हसण्यासारखे काय आहे?

प्रथम त्या गृहस्थांच्या बाजूने जे खरे आहे ते सांगितले पाहिजे. मातीत ताकद आहे. बाँब जमिनीजवळ फुटला म्हणजे माती-दगडांची वाफ होऊन ती वर चढते आणि किरणोत्सर्गी राख बनून वाऱ्याबरोबर शेकडो मैल दूर पडत राहते. ह्या राखेतून निघणारे किरण साडेतीन-चार इंच दाबून बसविलेल्या मातीतून जाताना निम्मे होतात. पुढच्या तेवढ्याच थरात पुन्हा निम्मे. तीन फूट मातीत असे दहा वेळा होते, म्हणजे हजारातला एक हिस्सा आत पोहोचतो. दुसरी गोष्ट, ह्या राखेचा जोर लवकर उतरतो. स्फोटानंतर पहिल्या तासाला तो हजार धरला तर सात तासांनी शंभर, दोन दिवसांनी दहा आणि दोन आठवड्यांनी एक. हा ठोकळ हिशेब आहे, पण अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तोच धरला होता. म्हणून तळघराच्या सगळ्या पुस्तकांत चौदा दिवसांचा आकडा येतो. चौदा दिवस आत काढा, मग थोडा थोडा वेळ बाहेर या.

आणि तळघराने जीव वाचल्याचे उदाहरणही आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा त्याच्या खालच्या बिंदूपासून अवघ्या १७० मीटरवर इंधन-वाटप संघटनेची काँक्रीटची इमारत होती. तेथले एक कर्मचारी, एइझो नोमुरा, काही कागद आणावयास तळघरात उतरले होते. त्या दिवशी कामावर आलेल्यांपैकी दीर्घकाळ जगलेले ते एकटेच. पुढे १९८२ पर्यंत ते जगले. कचेरीतल्या इंधनाच्या कागदांसाठी खाली गेलेला माणूस वाचला, हे वाचून आम्हां कोळशाच्या माणसांना जरा जवळचे वाटले हे कबूल केले पाहिजे. तथापि नोमुरा तळघरात राहिले नाहीत हेही ध्यानात ठेवावे. ते लगेच बाहेर पडले, नदीकाठाने निघाले आणि पुढे कित्येक दिवस तापाने अंथरुणाला खिळले. तळघराने त्यांना स्फोटाच्या क्षणापासून वाचविले. संसार तेथे कोणी केला नाही.

आता संसाराकडे येऊ. आमचा धंदा येथून सुरू होतो.

दहा बाय आठ बाय सात म्हणजे ५६० घनफूट, सुमारे १६ घनमीटर, १६ हजार लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण सतरा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच जणांचे झाले पंच्याऐंशी लिटर. दार घट्ट लावून घेतले तर साडेपाच तासांत त्या खोलीतल्या हवेत शेकडा तीन कार्बन डायऑक्साइड होईल. डोके दुखू लागेल, धाप लागेल, लहान पोर चिडचिड करील. ऑक्सिजन संपून माणूस मरतो असे लोक समजतात. तो संपण्याच्या पुष्कळ आधी ही पीडा गाठते. आमच्या खाणीच्या नियमांत ह्या वायूची मर्यादा शेकडा अर्धा आहे आणि ऑक्सिजन शेकडा एकोणीसच्या खाली जाता कामा नये. त्या गृहस्थांच्या तळघरात अर्ध्या टक्क्याची मर्यादा पहिल्या तासाच्या आतच ओलांडली जाईल. चौदा दिवसांचे तास ३३६ होतात.

म्हणजे हवा खेळविली पाहिजे. कोळसा खाणीत एका पाळीच्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला निदान सहा घनमीटर हवा पोहोचली पाहिजे असा नियम आहे. अर्थात आमची माणसे घाम गाळीत असतात आणि कोळशातून वायू सुटत असतो. नुसते बसून राहणाऱ्याला त्या मानाने फार थोडी पुरते. ओक रिज प्रयोगशाळेतल्या क्रेसन केअर्नी ह्या गृहस्थाने १९७९ साली ह्या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या हिशेबाने माणशी मिनिटाला पंच्याऐंशी लिटर ताजी हवा मिळाली तर श्वासाचे भागते. पण उन्हाळ्यात, माणसे दाटीने बसलेली असताना, त्याच्या बारा-तेरापट हवा लागते. ती श्वासासाठी नव्हे, उकाड्यासाठी. बसलेला माणूस शंभरच्या दिव्याइतकी उष्णता टाकीत असतो. पाच दिवे चौदा दिवस रात्रंदिवस चालू ठेवा त्या खोलीत, आणि बाहेर चंद्रपूरचा मे महिना ठेवा, पारा पंचेचाळीसवर! केअर्नीने ह्यासाठी झडपांचा एक हातपंखा शोधून काढला होता. चौकटीला पातळ झडपा लावायच्या आणि दोरीने ती झुलवीत बसायची. फार हुशारीचे काम आहे. पण ती दोरी कोण ओढणार? पाच जणांत एक म्हातारी, दोन पोरे. उरले नवराबायको. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, रजा नाही, आणि दोरी ओढणारा स्वतः अधिक उष्णता आणि अधिक कार्बन डायऑक्साइड टाकणार. युनियनच्या माणसाला हा पाळीचा तक्ता पाहूनच घाम फुटतो.

पाण्याचे गणित त्या मानाने सोपे. माणशी रोज चार लिटर धरले तर पाच जणांना चौदा दिवसांस २८० लिटर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरावे, म्हणजे दोनशे लिटरचे जवळजवळ तीन ड्रम. ते कोपऱ्यात उभे केले की झोपायची जागा तेवढी कमी झाली. संडासासाठी झाकणाची बादली. ह्या विषयावर सभेत जास्त बोलू नये, पण खाणीत ज्यांनी वर्षे काढली त्यांना ठाऊक आहे की जमिनीखाली माणसाला सर्वांत आधी लाजिरवाणे करते ते हेच.

छताचे काय? दहा बाय आठच्या छतावर तीन फूट माती म्हणजे अकरा टन वजन. आमच्याकडे जुना सरदार छताला काठीने ठोकून कान देतो. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर माणसे मागे घेतो आणि टिंबरवाल्याला हाक मारतो. ही विद्या पुस्तकात मिळत नाही. त्यातून वरोरा-भद्रावतीकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते, भिंती ढकलते. ईरई आणि झरपट नद्यांच्या काठच्या वस्त्यांत तर श्रावणात खड्डा खणला की आपोआप विहीर होते.

येथे कोणी विचारील, आणि आमच्या कचेरीत एकाने विचारलेच, की नवे तळघर कशाला? सबंध चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस हा मुलूख जुन्या खाणींनी पोखरलेला आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालीच बंद पडली. त्यानंतर किती तरी खाणी चालू झाल्या, किती बंद झाल्या. सगळे गाव त्यांत मावेल! ऐकायला गोड आहे. परंतु बंद खाण म्हणजे रिकामे घर नव्हे. पंप थांबला की ती पाण्याने भरते. जेथे पाणी पोहोचत नाही तेथे जड वायू तळाशी बसून राहतो. तेथे सेफ्टी लॅम्प नेला तर ज्योत प्रथम मंद होते आणि मग विझते. त्या जागी माणूस वाकला की उठत नाही. आणि छत? २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरचे एक राहते घर पाहता पाहता साठ-सत्तर फूट खोल जमिनीत गडप झाले. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर धावली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. त्या कुटुंबाच्या दृष्टीने जमीन हा आसरा नव्हता. जमिनीनेच घर गिळले.

चालू खाण जगण्याजोगी असते, कारण ती कोणीतरी चोवीस तास जगविलेली असते. वर मुख्य पंखा फिरत असतो आणि त्याच्याशी एक माणूस बसलेला असतो. तळाच्या टाक्यावर पंपखलाशी असतो. बत्तीघरात दिवे भरून ठेवणारा असतो. आम्ही एका खाणीत होतो, नाव घेण्याचे कारण नाही. तेथे एका रात्री वीज गेली आणि पंखा थांबला. पंखा थांबला की माणसे बाहेर काढावयाची हा नियम, त्याप्रमाणे इन्क्लाइनने आम्ही सारे वर चढलो. टोपीवरच्या दिव्यांची रांग, पुढच्याच्या पाठीवर मागच्याचा उजेड, बोलणे बंद. वर येऊन बत्तीघरात बिल्ले मोजले तर एक कमी. पंपावरचा खलाशी राहिला होता. पाणी चढू नये म्हणून शेवटपर्यंत झडपा बघत होता. सरदार दोन माणसे घेऊन पुन्हा उतरला आणि त्याला घेऊन आला. त्या अर्ध्या तासात चाळीस माणसांपैकी एकही घरी गेला नाही. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. बिल्ला टांगलेला नाही तोवर पाळी सुटत नाही, एवढेच.

जमिनीखालच्या संसाराबद्दल बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आता फारशी कोणी सांगत नाही. आपल्या देशात कुटुंबेच्या कुटुंबे जमिनीखाली होती. नवरा कोळसा तोडी, बायको टोपली भरी, पोर आईबरोबर. कंत्राटदाराला जोडपे स्वस्त पडे. १९२९ साली नियम झाले आणि १९३० च्या दशकात बायकांना खालच्या कामातून हळूहळू काढण्यात आले. मग महायुद्ध आले, कोळसा हवा झाला, आणि १९४३ साली ती बंदी उठविली गेली, मध्यप्रांतातही. १९४६ साली ती पुन्हा घातली. म्हणजे युद्धकाळात जमिनीखाली गेलेले कुटुंब हे आपल्याकडे कल्पनेतले नाही. फरक एवढाच की त्यांना कोणी वाचविण्यासाठी खाली धाडले नव्हते.

आता चौदा दिवसांचा हिशेब प्रत्यक्षात कसा पार पडतो ते पाहू. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडात सिल्क्यारा येथे बोगदा कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. ते २८ नोव्हेंबरला बाहेर आले, सतराव्या दिवशी. तळघरवाल्यांच्या मुदतीपेक्षा तीन दिवस जास्तच. सगळे जिवंत. कसे? आत जवळजवळ दोन किलोमीटर मोकळा बोगदा होता, वीज शाबूत होती, पाणी झिरपत होते. आणि ढिगाऱ्यातून एक चार इंची नळी जात होती. त्या नळीतून हवा गेली, मुरमुरे-फुटाणे गेले, औषधे गेली. पुढे सहा इंची नळी घातली तेव्हा शिजलेले अन्न गेले आणि माणसांचे चेहरे दिसले. शेवटचे दहा-बारा मीटर यंत्राने हात टेकले तेव्हा उंदरांसारखी बिळे खणणाऱ्या मजुरांनी, ज्यांचा धंदा कायद्याने बंद केलेला आहे त्यांनी, हाताने माती काढली.

त्याआधीचे उदाहरण राणीगंजच्या महावीर खाणीचे. नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी फुटले आणि ७१ माणसे आत राहिली. सहा गेली. पासष्ट उंचवट्याच्या भागात हवेच्या कोंडीत तग धरून होती. वरून माणूस उभा मावेल एवढे भोक पाडले, त्यातून पोलादी पिंजरा सोडला, आणि जसवंतसिंग गिल नावाचे अभियंते स्वतः त्यात बसून खाली गेले. सगळे वर आल्यावर ते वर आले.

आम्ही ह्या दोन हकीकती त्या गृहस्थांना सांगितल्या तेव्हा ते आनंदले. म्हणाले, "पाहा, माणूस सतरा दिवस राहू शकतो!" होय, राहू शकतो. पण नळीच्या दुसऱ्या टोकाला सबंध देश उभा होता. अणुयुद्धानंतरच्या तळघरात नळी वर काढाल, तिच्या टोकाला छत्रीही बसवाल की राख आत येऊ नये. पण त्या टोकाला मुरमुरे घालणारा कोण असेल? तो आपल्याच तळघरात आपली दोरी ओढीत बसलेला असेल.

ह्याची थोडी चुणूक आपल्या मराठी घरांना मिळालेली आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये वैद्यकी शिकणारी आपली मुले, त्यांत विदर्भातलीही होती, खारकीव्हच्या वसतिगृहांच्या तळघरांत आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत दिवस काढीत होती. बिस्किटे मोजून, फोनची बॅटरी जपून. १ मार्चला एक भारतीय विद्यार्थी अन्न आणावयास बाहेर पडला असताना मारला गेला. ४ मार्चच्या पहाटे झापोरिझ्झियाच्या अणुवीजकेंद्राच्या आवारातल्या एका इमारतीला हल्ल्यात आग लागली. युरोपातले ते सर्वांत मोठे केंद्र. त्या दिवशी येथे घरोघरी आईबाप नकाशे उघडून खारकीव्ह आणि झापोरिझ्झिया ह्यांतले अंतर मोजीत होते. अणुभट्ट्या शाबूत राहिल्या, मुले परत आली. ती अन्न नसलेल्या तळघरातून निघाली ती आगगाड्या चालविणाऱ्यांमुळे आणि सीमेवर सूप वाटणाऱ्यांमुळे.

तळघराला दार असते आणि दाराचा प्रश्न सर्वांत वाईट. २५ जुलै १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनी बर्लिनच्या पेचप्रसंगात नागरिकांसाठी आसऱ्यांची योजना मांडली आणि तेथे घरोघरी तळघरांची लाट उसळली. दोन महिन्यांत मॅकह्यू नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने लेख लिहिला की शेजारी दार फोडून आत घुसू लागला तर बळाने त्याला रोखण्याचा गृहस्थाला हक्क आहे. मोठा गदारोळ झाला. काहींनी धर्माचा आधार मिळाला म्हणून समाधान मानले, काहींनी शरमेने माना खाली घातल्या. आमच्या मते पाद्र्याचा तर्क चुकीचा नव्हता. पाच जणांच्या हवेत दहा जण बसले की दहाही मरतात, हे गणित आम्ही आताच केले. वाईट होते ते तळघर पाच जणांचे मापून बांधणे. एकदा ते तसे बांधले की पुढे पाद्री काय आणि वकील काय, दाराशी बंदूकच उरते.

स्वित्झर्लंडने १९६३ साली कायदा केला की प्रत्येक रहिवाशाला आसऱ्यात जागा असली पाहिजे. आज तेथे लोकसंख्येहून अधिक जागा आहेत, हाताने फिरविण्याच्या पंख्यांसह. श्रीमंत देश आहे, डोंगर आहेत, दोन्ही महायुद्धे टळलेली. पण गरीब-श्रीमंताचा प्रश्न त्याने दाराशी न सोडविता कायद्यात सोडविला, हे नोंदले पाहिजे. आपल्याकडेही जम्मूच्या सीमेवर तोफगोळ्यांपासून बचावासाठी २०१७ साली १४,४६० बंकर मंजूर झाले. त्यांतले बहुतेक घरगुती, १६० चौरस फुटांत आठ माणसांचे, आणि चौदाशेच्या वर सामाईक, ८०० चौरस फुटांत चाळीस माणसांचे. तोफगोळ्याचा मारा तासांचा असतो, तेवढ्याला ते पुरते. सामाईक बंकरात पाळ्या लावता येतात, म्हातारी सांभाळायला दुसरी कोणी असते, एकाजवळ औषध असते. आम्हांस विचारल्यास आम्ही त्या चाळीसवाल्यात बसू.

आता पंधरावा दिवस उजाडला असे समजा. दार उघडले. आपल्या जिल्ह्याचा विचार केला तर खरी गोष्ट येथे सुरू होते, आणि ती गडचिरोलीकडे घेऊन जाते. १९८२ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तेथे काँक्रीटचे तळघर कोणाचे नाही. मातीच्या भिंती, कौले. पण टिकून राहण्याची विद्या आपल्यापेक्षा त्या लोकांना अधिक येते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संबंध तुटतो, हे दरसालचे. तेथली बाई मोहफुले वाळवून ठेवते, धान्य ढोलीत राखते, पावसाळ्याआधी मीठ-तेल भरते. चौदा दिवसांचे तिला कौतुक नाही.

परंतु जंगलावर राख पडली तर ह्या विद्येचाच घात होतो. तीव्र किरण दोन आठवड्यांत उतरतात खरे, पण राखेत सीझियम-१३७ नावाचे द्रव्य असते आणि त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. शेतात ते नांगराने खाली जाते, मातीत बांधले जाते. जंगलात ते पाल्यात, कुजक्या थरात, अळंब्यांत फिरत राहते. १९८६ साली चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हा शेकडो कोसांवर नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेला रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांवर हा प्रसंग आला. रेनडियर शेवाळासारखे दगडफूल खातात. त्याला मूळ नसते, ते सारे हवेतून घेते, राखही. मांस फेकून द्यावे लागले. मग नॉर्वे सरकारने रेनडियरच्या मांसापुरती किरणोत्सर्गाची मर्यादा एका हुकुमाने दहापट वाढविली, नाहीतर त्या लोकांचा धंदा आणि जगणे दोन्ही बुडत होते. जर्मनीच्या जंगलात रानडुकरांत आजही ते द्रव्य सापडते. आता सामींच्या जागी आपली माणसे ठेवा. मोह, तेंदू, चारोळी, पावसाळ्यातल्या सात्या, बांबूचे वास्ते. शहरातल्या गृहस्थाला पंधराव्या दिवशी डबाबंद अन्न उघडता येईल. एटापल्लीच्या माणसाचे कोठार म्हणजे जंगल, त्याला झाकण नाही. ज्याने बाँब पाहिला नाही, ज्याच्या गावी वीजही धड पोहोचत नाही, त्याच्या पानात तीस वर्षे तो वाढला जाईल.

आणि थंडीचे वेगळेच. २०२२ साली शास्त्रज्ञांनी हिशेब प्रसिद्ध केला की भारत-पाकिस्तानात अणुयुद्ध पेटले तर जळत्या शहरांचा धूर आकाशात चढून सूर्य झाकील, जगभर पिके बुडतील आणि दोनशे कोटींवर माणसे उपासमारीने मरू शकतील. त्यासमोर तीन ड्रम पाण्याची मातबरी ती काय!

शेवटी चेर्नोबिलमधल्या आमच्या जातभाईंबद्दल सांगतो. २६ एप्रिल १९८६ रोजी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या जवळजवळ पन्नास हजार लोकांना छत्तीस तास काही सांगितले गेले नाही, मग बसगाड्यांत घालून नेले. वितळलेले इंधन खालच्या जमिनीत उतरून भूजलात मिसळेल अशी भीती होती. भट्टीखाली भुयार खणून थंड करण्याची योजना ठरली. कोणाला बोलाविले? तुला आणि दोनबासच्या कोळसा खाणींतल्या माणसांना. सुमारे चारशे खाणकामगार मेच्या मध्यापासून महिनाभर खपले. १३६ मीटरचे भुयार, उकाड्याने कपडे उतरवून, हातगाड्या ढकलीत. इंधन शेवटी तेथवर पोहोचलेच नाही. थंड करण्याची यंत्रणा चालवावी लागली नाही, आणि काँक्रीट ओतून ती जागा भरली गेली. सारे जग त्या जागेपासून दूर पळत होते, तेव्हा ही माणसे तिच्या खाली शिरली होती.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही माणसे दिली नाहीत. त्यांच्याकडे एक यादी मागितली. तुम्ही चौदा दिवस आत असाल तेव्हा ईरईच्या पाण्याचा पंप कोण चालवील, २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्राचा बॉयलर कोण विझवील, खाणीतले पाणी कोण उपसेल, इस्पितळात रात्रीची परिचारिका कोण असेल, मेलेल्यांना कोण उचलील? ते म्हणाले, "सरकार माणसे लावील." लावील, आणि ती माणसे ह्याच गावातली असतील, ह्या सभेत बसलेली. आमचे एवढेच विचारणे आहे आणि ते आम्ही जिल्हा प्रशासनाला लेखी धाडणार आहो. ज्यांना अशा दिवशी कामावर बोलाविले जाईल त्यांची नावे आज कोठे लिहिलेली आहेत काय? किरण मोजण्याचा बिल्ला किती जणांना पुरेल एवढा गावात आहे? एका माणसाने किती मिनिटे बाहेर राहावयाचे हे कोण ठरविणार? आणि त्याची बायको-पोरे तेवढा वेळ कोणाच्या तळघरात असतील?

आता आपले प्रश्न असतील तर विचारावेत. हवेच्या गणिताचा कागद आम्ही बरोबर आणला आहे, ज्याला तपासावयाचा असेल त्याने तो पुढे येऊन पाहावा.